घरच्या घरी काचेच्या बश्या
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणावरून)



हळदीकुंकवाच्या दिवशी मांडलेल्या काचेच्या बश्या पाहून पुष्कळजणींनी विचारले, "अहो, कुठून आणल्या?" आणल्या नाहीत, घरीच केल्या. कशा, ते आज सांगावयाचे आहे.

काच आपल्याला परकी नाही. पैसाफंडाचा काचकारखाना १९०८ साली तळेगावी निघाला. ओगल्यांचा प्रभाकर कंदील तर आपल्या आज्यांच्या घरी होता. पण कारखान्यात काचेचा रस करतात. आपण कापलेले तुकडे एकमेकांवर रचून, ते मऊ होऊन एकजीव होईतो तापवावयाचे. त्याला सुमारे ८०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, खिडकीच्या काचेला थोडी अधिकच. केकची भट्टी इथे उपयोगाची नाही! विजेची खास भट्टी लागते व ती स्वस्त नसते. म्हणून आधी मातीकाम करणाऱ्या कोणाच्या विजेच्या भट्टीत जागा मागावी. मी वर्षभर तेच केले.

कापताना कटरच्या चाकाला थेंबभर तेल लावून एकच रेघ ओढावी. चर्र असा एकसारखा आवाज आला की रेघ साधली. त्याच रेघेवरून पुन्हा फिरवू नये. मग दोन्ही अंगठ्यांनी मोडावे. डोळ्यांना चष्मा व पायांत चपला हव्यातच. कण टिपायला कणकेचा गोळा फिरवावा. तो गोळा गाईला मात्र घालू नये हो!

आता माझी फजिती. माझ्या लग्नातल्या चुड्याच्या डझनभर बांगड्या आईने जपून ठेवल्या होत्या. त्यांतल्या सहांचे तुकडे मी खिडकीच्या काचेवर रचून भाजले. बशी सुरेख झाली. आठवड्याने रात्री स्वयंपाकघरात 'टण्' असा आवाज झाला. सकाळी पाहते तो दोन तुकडे! मी रडकुंडीला आले. आई म्हणाली, "फुटली म्हणू नये ग, वाढली म्हणावे." पण तिचाही चेहरा उतरला होता.

कारण पुढे कळले. प्रत्येक काच तापल्यावर सारखी फुगत नाही आणि निवताना सारखी आकसत नाही. दोन जातींच्या काचा एकत्र केल्या की आत ताण राहतो. म्हणून सर्व तुकडे एकाच तावदानातले घ्यावेत. या कामासाठी मिळणाऱ्या काचेवर ९० किंवा ९६ असा आकडा असतो. त्या दोन्हींची सरमिसळ करू नये. ३ मिलिमीटरच्या काचेचे दोन थर पुरतात. खालच्या फरशीला भट्टीचा पांढरा लेप द्यावा, नाहीतर काच चिकटून बसते.

चढवताना घाई नको, उतरवताना तर मुळीच नको. वरच्या उष्णतेवर दहा मिनिटे पुरतात. पण खाली येताना खिडकीची काच ५५० अंशांच्या आसपास तासभर थांबवावी, मग भट्टी आपोआप निवू द्यावी. झाकण दुसऱ्या दिवशीच उघडावे. डोकावण्याचा मोह फार होतो, मला ठाऊक आहे.

उरलेल्या सहा बांगड्या मी दोन वर्षे हातात घेतल्या नाहीत. शेवटी आईनेच काढून दिल्या. या वेळी त्यांत दुसरी काच घातली नाही. तुकडे एकमेकांवरच रचले. कडा ओबडधोबड आहेत, पण तीन वर्षे ती बशी देवघरात कोयरीखाली आहे.

येत्या शनिवारी दुपारी मी कटर घेऊन मंडळात बसेन. जुन्या तावदानाचा तुकडा घेऊन या, आणि चपला दाराशी काढू नका.