राखणदाराची राखण



रात्री आपण निजतो. कुत्रा जागा राहतो. तो आपले घर राखतो. पण कुत्र्याला कोण राखणार? आज मी तेवढेच बोलणार आहे.

मी लहान होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. रात्री त्याला ओटीच्या खांबाला बांधायचे काम माझे. एका रात्री मोत्या एकदाच ओरडला. मग सारे गप्प. सकाळी पाहतो तो खांबाला नुसती साखळी. पट्टा तुटलेला. ओल्या मातीत बिबळ्याच्या पावलांचे ठसे. आई म्हणाली, "मोकळा असता तर पळाला तरी असता." साखळी मीच बांधली होती. ते बोल मी अजून विसरलो नाही.

बिबळ्या दबा धरून येतो आणि गळा पकडतो. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, लढताही येत नाही. आपण जणू बिबळ्याला पान वाढून ठेवतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, बिबळ्याला शेळ्या नाहीत काय?" ऐका. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तिथे अभ्यासकांनी बिबळ्याची विष्ठा तपासली. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबळ्याने खाल्लेल्या भक्ष्याचे वजनाने १०० भाग धरले, तर ३९ भाग कुत्र्यांचे निघाले. शेळ्यांचे फक्त ११. आणि तिथे शेळ्या तर कुत्र्यांहून कितीतरी जास्त! असे का व्हावे? विचार करा. शेळीला आपण रात्री कोंडतो. कुत्र्याला बाहेर ठेवतो.

मग काय करावे? दिवेलागण झाली की कुत्र्याला आत घ्यावे. घरात नको असेल तर गोठ्यात जागा द्यावी. गोठ्याला भक्कम दार आणि कडी हवी. बिबळ्या चढण्यात पटाईत आहे. म्हणून नुसते कुंपण पुरत नाही, वरही छप्पर किंवा जाळी पाहिजे. अंधारात कुत्र्याला एकटे सोडू नये. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. त्याने गळा वाचतो.

आणखी एक. आपल्या कोनला आता इमारती झाल्या, वस्ती वाढली. त्याबरोबर कचराही वाढला. उकिरड्यावर मोकाट कुत्री जमतात. कुत्री जमली की त्यांच्यासाठी बिबळ्या वस्तीकडे वळतो. आपली पोरेही तिथेच खेळतात. म्हणून खरकटे आणि कोंबडीची घाण उघड्यावर टाकू नका.

बिबळ्या आलाच, तर अंधारात त्याच्यामागे धावू नका. दारातूनच आरडाओरडा करा, डबे वाजवा. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करा. फासा लावू नका, विष घालू नका. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. कुत्रा जखमी झाला, तर त्याला लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. जखमेला उघडा हात लावू नका. कुत्रा चावलाच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिसाळीची लस चुकवू नका.

कुणी म्हणेल, "कुत्रा आत घेतला, तर राखण कोण करील?" अहो, आतला कुत्राही भुंकतोच! आपल्याला जागे करणे हे त्याचे काम. ते तो आतूनही करील.

तर आज घरी गेल्यावर आधी कुत्र्याची साखळी सोडा. त्याला आत घ्या. मग दाराला कडी लावा.