शर्यतीचा दोर आणि मक्त्याचा दोर



भाज्याला येऊन दोराविषयी बोलायचे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखेच आहे. डोक्यावर विसापूर, शेजारी लोहगड, आणि लोणावळ्याला दरीत अडकलेल्या माणसाला दोराने वर काढणारे शिवदुर्ग मित्रांचे पथक. कड्यावरच्या दोराचे ज्ञान आम्ही तुम्हांला काय सांगणार? आमचा विषय झाडावरचा दोर हा आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. त्या दोराला लोंबकळून जो पोट भरतो, त्याच्याविषयी आम्हांला बोलायचे आहे.

झाडावर चढण्याच्या शर्यती होतात, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. परंतु अमेरिकेत सेंट लुई येथे १९७६ साली वृक्षसंवर्धकांच्या संस्थेने असा पहिला मेळावा भरविला, आणि पुढे त्याचीच जागतिक स्पर्धा झाली. तीत उतरणारे बहुतेक लोक फांद्या छाटण्याचाच व्यवसाय करणारे असतात. झपाट्याने चढणे, उंच फांदीवरून दोर नेमका फेकणे, वर जायबंदी झालेल्या सोबत्याला सुखरूप खाली आणणे, असे तिथले डाव आहेत. मात्र चढण्यापूर्वी प्रत्येकाने आपला पट्टा, दोर, कड्या आणि शिरस्त्राण पंचांपुढे मांडायचे असते. बनविणाऱ्याने जसे बनविले तसे ते नसेल, कोणी त्यात मनाने फेरफार केला असेल, तर पंच ते बाजूला काढतात. मग चढणारा कितीही नामांकित असो.

हा नियम खुळचट नाही. पट्ट्याचे बळ त्याच्या विणीत असते. टोच्याने एक नवे भोक पाडले की भार वाहणारे धागेच तुटतात. दोराला गाठ मारली की त्याची ताकद कमी होते. चौथा-तिसरा हिस्सा जाणे ही नेहमीची गोष्ट. मुख्य दोरावर सरकणारी जी वेढ्यांची गाठ असते, तिचा एक वेढा कमी केला तर ती हाताने सरसर वर सरकते, वेळ वाचतो; पण अंगाचा भार अचानक पडला तर ती धरीलच असे नाही. शर्यतीत एकेक क्षण मोलाचा, म्हणून हा मोह तिथेही होतो. म्हणूनच पंच तिथे बसविलेले असतात.

आता आमच्याकडे पाहा. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडायच्या असतात. शहरात धोकादायक झाडे उतरवायची असतात. काम मक्त्याने, आणि मजुरी बहुधा झाडामागे. झाडामागे दाम ठरले की कामाची शर्यत झालीच. फक्त पंच नाही. कित्येकांपाशी काथ्याच्या दोराखेरीज काही नसते. ज्यांना पट्टा मिळतो, त्यांचा पट्टा आम्ही हातात घेऊन पाहिला आहे. पाठीवरची कडी तशीच कोरी, आणि पुढे कमरेला स्वतःच्या हाताने शिवलेला दोराचा फास. पडताना झटका शोषून घेण्यासाठी जी शिवलेली घडी असते, ती तारेने आवळून टाकलेली.

साहेब लोक म्हणतात, मजूर अडाणी आहे, दिलेल्या वस्तूची नासधूस करतो. आम्ही विचारतो, तो असे का करतो? तो पट्टा कारखान्यातल्या माणसासाठी बनविलेला आहे. माणूस पायऱ्यांवर उभा राहून काम करतो, पडला तर पाठीवरच्या कडीने त्याला धरावे, हा त्याचा हेतू. झाडावरचा माणूस पट्ट्यात बसून काम करतो. त्याला आधार पुढे, कमरेशी लागतो. पाठीची कडी त्याच्या हाताला पोहोचतही नाही, आणि लोंबणारी घडी फांदीफांदीत अडकते. मांडीला पट्टा सैल, खांद्याला घट्ट. मग तो पट्टा आपल्या कामाजोगा करून घेतो. त्याचा फास धोक्याचा आहे, हे आम्ही दहा वेळा सांगू. पण त्याची तक्रार खरी आहे, हेही तितक्याच वेळा सांगू. फेरफार ही त्या मजुराची तोंडी न केलेली तक्रार होय.

१९४८ च्या कारखाना कायद्यात सुरक्षेच्या साधनांशी कामगाराने जाणूनबुजून ढवळाढवळ करू नये, असे कलम होते. कलम रास्त होते. परंतु तो कायदा कारखान्याचा. झाड काही कारखान्यात नसते. आता त्याच्या जागी २०२० ची संहिता आली आहे. कायदा कोणताही असो, चुकीचे साधन हाती देणाऱ्याला त्याने आधी विचारले पाहिजे.

आपल्याकडे दहीहंडीचा अनुभव ताजा आहे. २०१४ साली उच्च न्यायालयाने हंडीला २० फुटांची मर्यादा घातली. पुष्कळ वादानंतर २०१७ साली ती उठली. १४ वर्षांखालील मुलांना मनाई मात्र राहिली. २०२२ साली शासनाने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. आता पुष्कळ ठिकाणी वरच्या गोविंदाच्या कमरेला दोर दिसतो, ही चांगली गोष्ट. पण खालच्या थरांचे काय? थर वाढला की बक्षीस वाढते, आणि भार पडतो तो खालच्यांच्या मानेवर. बक्षीस ठरविणाऱ्यानेच सुरक्षेचीही जबाबदारी घेतली पाहिजे, एवढाच यातला बोध.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. झाडामागे मजुरी बंद करून रोजाने द्यावी. पट्टा खरेदी करण्यापूर्वी तो चढणाऱ्याच्या अंगाला लावून, झाडावर बसवून पाहावा. मजुराने बदल सुचविला तर तो लपवावा लागू नये. बनविणाऱ्याकडून करून, तपासून घ्यावा. रोज सकाळी पहिल्या झाडाखाली सगळे साहित्य मांडावे, आणि जाणत्या मजुराला ‘हे चालणार नाही’ म्हणण्याचा अधिकार असावा. त्या शब्दासाठी त्याचा रोज कापला जाऊ नये.

मे महिन्यात मावळात जांभळे उतरवायला पोरे झाडावर चढतात. जांभळाची फांदी दगा देते, हे तुमच्या घरातली म्हातारी माणसे त्यांना ओरडून सांगतात. मक्त्यावरच्या माणसाला तसे ओरडून सांगणारे कोणी नाही. ते काम संघटनेचे आहे, आणि तुम्हां नागरिकांचेही. उद्या तुमच्या दारातल्या झाडावर कोणी चढला, तर वर जाण्याआधी त्याच्या कमरेचा दोर एकदा पाहा, आणि मक्तेदाराला जाब विचारा.