शेडनेटखालचा वर्ग

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो. नळाचं पाणी येतं जायकवाडीहून, तेही रोज नाही. इथे शाळेच्या गच्चीवर पालक पिकवायचा, तर आधी शेडनेट आणि ठिबक समजून घ्यावं लागतं.

असं कामातून शिकवण्याची वाट दाखवली पुणे जिल्ह्यातल्या पाबळनं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य ही कामं प्रत्यक्ष हातानं करतात. शेडनेटचा सांगाडा उभारायचा म्हटलं की मोजमाप आलं, वेल्डिंग आलं आणि खर्चाचा ताळेबंदही. रोपं विकायची तर दर ठरवावा लागतो. घोकंपट्टीला इथे फारसा वाव नाही, हे बरंच आहे.

संभाजीनगरच्या शाळांना सल्ल्यासाठी लांब जायला नको. गांधेलीला महात्मा गांधी मिशनचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये शालेय पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परसबागेतली मेथी थेट शाळेच्या पोषण आहारात जाते. अंगणच नसेल, तर कुंड्या, जुने डबे आणि पोतीही चालतात.