दाबाचे पाणी आणि पोलादाचा गंज

लोखंडी तवा रात्री ओला राहिला तर सकाळी त्यावर तांबूस पूट चढते, हे गृहिणींना सांगावयास नको. विळीचे पाते धुतल्याबरोबर पुसून त्यावर तेलाचा हात फिरविण्याची रीत त्यातूनच आली. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील यंत्रशाळांत तेलविहिरींसाठी घडणाऱ्या पोलादी अवजारांपुढेही हाच प्रश्न असतो. भेद इतकाच की, ही अवजारे ओली केल्यावाचून गत्यंतर नसते आणि त्यांच्या पोटात फडके पोचत नाही.

ओली करावयाची ती परीक्षेसाठी. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले व १९७६ साली ते निघू लागले. भूगर्भातून उसळणारे तेल आणि वायू ज्या झडपा व जोड आवरून धरतात, त्यांपैकी एकाने दगा दिला तर समुद्रातील मंचावरील माणसांच्या प्राणांशी गाठ पडते. म्हणून दर चौरस इंचास १०,००० पौंड दाबावर काम करणाऱ्या झडपेचे कवच १५,००० पौंडांवर तपासतात. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब तीसेक पौंड असतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

हा दाब हवेने देत नाहीत, कारण चेपलेली हवा ताणलेल्या धनुष्यासारखी असते. कवच फुटले तर त्याचे तुकडे तोफेच्या गोळ्यासारखे उडतील. पाणी एवढ्या दाबाखालीही जेमतेम ४ टक्के आकसते, त्यामुळे भेग पडताच त्याचा जोर ओसरतो. अर्थात तेही निर्धोक नव्हे. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली त्याची धार कातडी भेदून आत शिरते, आणि म्हणून परीक्षा चालू असता गळती बोटाने चाचपून पाहणे हा शुद्ध वेडेपणा होय.

मग गंज टाळण्यासाठी पाण्याऐवजी तेलच का भरू नये? तेलाने पोलाद गंजत नाही, ही गोष्ट खरी. परंतु दाट तेल बारीक भेगेतून सहजी पाझरत नाही; जी गळती पाण्याने उघडी पाडली असती, ती तेल झाकून ठेवते. दाबाखाली उडालेले तेलाचे तुषार ठिणगीने पेटतात. शिवाय काही जातींचे रबर खनिज तेलात फुगते आणि आतील ओ-रिंग निकामी होते. ज्या अवजारात पुढे तेलच खेळावयाचे आहे, तेथे तेल योग्य. एरवी पाण्याला तोड नाही.

मात्र ते कोणतेही पाणी नव्हे. निष्कलंक म्हणविणाऱ्या स्टेनलेस पोलादाला मिठातील क्लोराइडचे वावडे असते, म्हणून दहा लाख भाग पाण्यात ५० भागांहून अधिक क्लोराइड नसावे, असा दंडक पुष्कळ ठिकाणी पाळतात. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण १९,००० च्या आसपास असते. कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी तपासल्यावाचून वापरणे म्हणूनच धोक्याचे. पाणी सुकून जाते, क्षार मात्र खाचेत साचून राहतो आणि नंतर सावकाश पोलादाला चिरा पाडतो.

साध्या पोलादासाठी शुद्ध पाण्यातही गंजरोधक मिसळावे लागते. जुना व स्वस्त उपाय सोडियम नायट्राइटचा. तो पोलादावर अदृश्य कवच चढवितो. परंतु मात्रा कमी पडली तर उघड्या राहिलेल्या ठिकाणी गंज एकवटून खोल खड्डे पाडतो. म्हणजे थोडे औषध मुळीच नसण्यापेक्षा वाईट! ते पोटात गेल्यास विषारी ठरते, आणि काही अमाइन द्रव्यांशी संयोग झाला की त्यातून कर्करोगकारक पदार्थ उपजतात. पाण्यात विरघळणारे दुधाळ तेल सौम्य खरे, पण त्यात जंतू वाढतात. या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी टाकीचे झाकण उघडताच नाकाला पदर लावावा, अशी दुर्गंधी सुटते. या सर्वांत नायट्राइटविरहित, किंचित अल्कधर्मी असे अमाइनचे गंजरोधक अधिक बरे. त्याचे प्रमाण रोज मोजले पाहिजे, हे ओघानेच आले.

तथापि द्रव कितीही निवडून घेतला, तरी खरा घात परीक्षेच्या त्या काही मिनिटांत होत नाही. तो मागे राहिलेल्या थेंबांनी होतो. आट्यांच्या तळाशी आणि बंद भोकांत पाणी दडते. अवजार उभे करून निथळावे, कोरड्या हवेने फुंकावे आणि लगोलग गंजरोधक तेल लावावे. येथेही एक मेख आहे. पावसाळ्यात चाकणची हवा स्वतःच दमट असते. संपीडकास हवा सुकविणारे यंत्र जोडलेले नसेल, तर फुंकणारी नळीच आत ओल सोडते. असा नग लाकडी पेटीत बंद होऊन न्हाव्याच्या धक्क्यावरून खाऱ्या वाऱ्यात गेला, तर पेटी उघडण्यापूर्वीच गंज आपले काम उरकतो.

आणि टाकीतले निरुपयोगी झालेले पाणी? ते एका नाल्यात सोडले की पवनेला मिळते, दुसऱ्यात सोडले की इंद्रायणीला. आळंदीच्या घाटापाशी इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस वारकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत वारंवार पाहिला आहे. तो अनेक नळांच्या घाणीचा असतो, एकट्या कोणा यंत्रशाळेचा नव्हे. पण द्रव विकत घेतानाच त्याची विल्हेवाट कोण लावणार व त्याचा खर्च किती, हे विचारून मग भाव ठरवावा. एरवी डब्यावरील किंमत स्वस्त दिसते आणि उरलेली नदीकाठची गावे भरतात.