भाजीची पोळी, पुरणाच्या रीतीने

वर्षाच्या मुलाच्या तोंडात दात असतात ते बहुधा पुढचे, तुकडा तोडणारे. अन्न दळणारी पहिली दाढ साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येते, आणि मागची दुसरी दाढ तर दोन ते अडीच वर्षांच्या आसपास. तोवर मूल घास हिरड्यांनी दाबतं आणि जिभेनं टाळूवर चेपतं. एवढ्या बळावर आपण त्याच्या हातात घरातली रोजची पोळी देतो. ती निवून वातड झालेली असेल, तर तोंडात तिचा चिकट बोळा होतो. तो गिळता येत नाही, थुंकताही येत नाही. मग बऱ्याच घरांत दोनपैकी एक वाट धरली जाते. पोळी दुधात किंवा वरणात कुस्करून भरवायची, नाहीतर दाढा येईपर्यंत पोळीच द्यायची नाही. तिसरी वाट आपल्याच स्वयंपाकघरात आहे, आणि ती सणावारापुरती राखून ठेवल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही. पुरणपोळी ही दात नसलेल्या म्हाताऱ्यालाही खाता येते. तिच्यात पुरणाच्या जागी भाजी आणि डाळ घातली, पण रीत तीच ठेवली, तर नवव्या-दहाव्या महिन्यापासून मुलाला स्वतःच्या हाताने खाता येईल अशी भाजीची पोळी होते.

रीत तीच ठेवली, यावर माझा भर आहे. कारण भरलेला पराठा म्हणून आपण जे करतो त्याची रीत वेगळी असते. तिथे सारण फुटून बाहेर येऊ नये म्हणून कणीक घट्ट मळतात आणि लाटायला सोपं जावं म्हणून सारण कमी भरतात. पुरणपोळी करणारी बाई नेमकं उलट करते. ती कणीक सैल भिजवते, तेलाचा आणि पाण्याचा हात लावत ती तिंबते आणि तास-दोन तास मुरायला ठेवते. खानदेशात खापरावरच्या मांड्यांसाठी तर ती इतकी सैल आणि लवचिक करतात की लाटणं लागतच नाही, मांडा हातांवरच फिरवून मोठा होतो. यामागचं कारण साधं आहे. गव्हाच्या पिठातला कोंडा पाणी हळूहळू पितो. मळल्याबरोबर लाटलेल्या पोळीत तो अर्धवट कोरडाच असतो, आणि तव्यावर गेल्यावर पिष्टाला फुगायला लागणारं पाणी तोच ओढून घेतो. मुरलेल्या, सैल कणकेत दोघांनाही पुरेल एवढं पाणी असतं. रोजच्या पोळीला शंभर ग्रॅम कणकेत साधारण ६५ ते ७० ग्रॅम पाणी जात असेल, तर इथे ७५ ते ८० ग्रॅमपर्यंत जावं. गव्हागणिक यात फरक पडतो, म्हणून शेवटचा निर्णय बोटांनीच घ्यायचा. बोट दाबलं की खळगा पडावा आणि तो सावकाश भरून यावा. चक्कीवर दळलेलं पीठ इथे उपयोगी पडतं, कारण जात्याच्या दगडांखाली पिष्टाचे कण चेंगरतात आणि असे कण जास्त पाणी धरतात. मैदा घातला की पोळी मऊ होते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गरम असेपर्यंत ते खरं आहे. निवल्यावर हीच पोळी ताणली जाते, तुटत नाही. तुकडा सहज तुटणं ही तर लहान मुलासाठी पहिली गरज आहे.

पुरणपोळीची दुसरी शिकवण सारणाबद्दलची आहे, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. पुरण इतकं आटवतात की त्यात उलथनं उभं राहावं, मग ते यंत्रातून काढतात, म्हणजे कणीही उरत नाही. पुरण आणि कणीक हाताला जवळजवळ सारखीच मऊ लागली, तरच लाटताना दोन्ही बरोबरीने पसरतात. सारण घट्ट असलं की पारी फाटते, सारण पातळ असलं की ओघळतं. भाजीच्या पोळीचं बिघडतं ते इथेच. दुधी, कोबी, फ्लॉवर, लाल भोपळा या सगळ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. कच्ची किसून भरली की मीठ लागताच ते पाणी सुटतं आणि पोळपाटावर चिखल होतो. म्हणून भाजी किसून, थोड्या तुपावर परतून, तिचं पाणी आटवून घ्यावं. कोबी किंवा दुधी पिळलाच तर ते पाणी फेकू नये, त्यातच कणीक भिजवावी. आटवलेल्या भाजीत शिजवून घोटलेली मूगडाळ किंवा चमचा-दोन चमचे डाळ्याचं पीठ घातलं की उरलेला ओलावा त्यात बसतो आणि सारणाला पुरणासारखं अंग येतं. मटार घ्यायचे तर शिजवून पुरते चेचावेत, कारण अख्खा दाणा घशात अडकू शकतो. मेथी घ्यायची तर पानंच खुडावीत, देठाचा धागा जिभेवर रेंगाळतो आणि मुलाला उमासा येतो. वर्षाच्या आतल्या मुलाच्या अन्नात मीठ आणि साखर घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आरोग्यासाठीचा हा नियम इथे पोळपाटावरही उपयोगी पडतो, कारण मीठ नसलं की सारणाला पाणी सुटत नाही. जिऱ्याची पूड आणि चिमूटभर हिंग यांवर मुलाचं छान भागतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा ते तेवीस महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं शंभरांत जेमतेम अकरा निघाली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची रक्तक्षय असलेली मुलं आधीच्या पाहणीत सुमारे ५४ टक्के होती, ती या पाहणीत सुमारे ६९ टक्के झाली. पोळीने रक्तक्षय जातो असा माझा दावा नाही. गव्हाच्या कोंड्यातले काही घटक तर लोह अडवूनच धरतात, आणि त्यासाठी सारणात लिंबू पिळणं, डाॅक्टरांच्या सल्ल्याने लोहाचं औषध देणं हे करावंच लागतं. पण आहार पुरेसा नसण्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यात विविधता नसते. या वयासाठी जागतिक आरोग्य संघटना अन्नाचे आठ गट मोजते आणि दिवसात किमान पाच गट पोटात जावेत असं सांगते. आईचं दूध हा त्यांतला एक गट. आता ही पोळी मोजून पाहा. गहू हा एक, मूगडाळ हा दुसरा, लाल भोपळा किंवा गाजर तिसरा, फ्लॉवर किंवा कोबी चौथा, आणि सोबतचं दही पाचवं. पातळ पेज किंवा वरणाचं पाणी वाटीभर पाजलं तरी यातले एक-दोनच गट भरतात, आणि दहा किलोच्या मुलाचं पोट एका वेळी साधारण ३०० मिलिलिटर एवढंच धरतं. त्यातली बरीच जागा पाण्याने भरली तर अन्न कुठे जायचं? म्हणून पोळीवर तूप लावण्यात मला काहीच गैर वाटत नाही. लहानशा पोटात त्याने उष्मांक वाढतात, आणि गाजर-भोपळ्यातलं केशरी सत्त्व अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतोच. फक्त तुपाने कोरडी पोळी मऊ होईल अशी आशा धरू नये. ते काम पाण्याचं.

यावर एक आक्षेप असा येतो, आणि तो मी गांभीर्याने घेते, की भाजी पोळीत भरणं म्हणजे मुलाला फसवणं आहे. भाजी लपली की त्याला तिची ओळख होत नाही, आणि पुढे ताटात ती दिसली की ते तोंड फिरवतं. नवी चव मुलाला आवडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती समोर यावी लागते, हे बालआहाराच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवलं आहे. पण पुरणपोळीत पुरण कोणी लपवत नाही. ती मोडली की आत पुरणच दिसतं, कणकेचा नुसता पापुद्रा असतो. मी म्हणते ती भाजीची पोळी तशीच हवी, कणकेइतकं किंवा त्याहून अधिक सारण असलेली. मोडली की भोपळ्याचा केशरी रंग दिसावा. म्हणूनच पाच-सहा भाज्या एकत्र वाटून भरण्यापेक्षा एका दिवशी एकच मुख्य भाजी घ्यावी आणि तिचा एक नरम शिजलेला तुकडा ताटात शेजारी ठेवावा. कणकेतच भाजी मळून केलेले धपाटे किंवा ठेपले करायला सोपे आहेत हे मान्य, पण त्यांत भाजी बेताचीच मावते, रंगापुरती.

दुसरा आक्षेप असा, की सगळं मऊच दिलं तर मूल चावायला शिकणार कधी? हा आक्षेप खरा आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या दीर्घ अभ्यासात असं दिसलं, की ज्यांना गुठळ्या असलेलं अन्न नऊ-दहा महिन्यांनंतर उशिरा मिळालं, त्यांना पुढे भरवणं जास्त अवघड गेलं आणि सातव्या वर्षी त्यांनी भाज्याही कमी खाल्ल्या. म्हणून मऊ याचा अर्थ पातळ किंवा गुळगुळीत असा घेऊ नये. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबला की चेपला जाईल, पण हातात धरला की आकार टिकवेल, असा तुकडा हवा. नऊ महिन्यांचं मूल अख्ख्या मुठीत धरतं, तेव्हा बोटाएवढी लांब पट्टी कापावी, म्हणजे मुठीबाहेर ती उरते. चिमटीत धरता येऊ लागलं की लहान तुकडे. पहिली दाढ दिसली की सारण यंत्रातून न काढता नुसतं चेचावं, पुढच्या दाढांबरोबर भाजी बारीक चिरलेली राहू द्यावी. मूल मांडी घालून किंवा टेकून बसलेलं असावं, आणि मोठं माणूस समोर.

राहिला वेळेचा प्रश्न. सकाळी डबे करणाऱ्या घरात दोन तास मुरवलेली कणीक कुठून आणायची? कणीक रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवता येते, ती मुरतच असते. सारणही रात्री आटवून ठेवता येतं. सकाळी लिंबाएवढा गोळा घेऊन तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने लाटावा आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर पटकन भाजावा. मंद आंचेवर रेंगाळलेली पोळी सुकते. भाजलेल्या पोळ्या मात्र फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण पोळी सगळ्यात लवकर कडक होते ती त्याच थंडाव्यात. फडक्यात गुंडाळून झाकलेल्या डब्यात ठेवाव्यात आणि उन्हाळ्यात तीन-चार तासांत संपवाव्यात, भाजीचं सारण लवकर आंबतं. तरी एखादी उरली आणि कडक झाली, तर तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा आणि गरम तव्यावर झाकण घालून मिनिटभर वाफ द्यावी. ती पुन्हा मऊ होते, आणि कोमट झाली की मुलाच्या हातात देता येते.