हिरड्यांची सूज आणि शाळेतील मूल



मुलांची नखे व केस तपासण्याचा प्रघात बहुतेक शाळांतून आहे. तोंड पाहिलेच तर लक्ष दातांकडे जाते, हिरड्या राहून जातात. निरोगी हिरडी फिकट गुलाबी व घट्ट असते. काही मुलांत ती मुळातच काळसर असते, तो रोग नव्हे. परंतु दातांच्या कडेला ती लाल व फुगीर दिसू लागली, घासताना किंवा पेरू चावताना रक्त आले, म्हणजे हिरडीचा दाह सुरू झाला असे समजावे.

दातांच्या मुळाशी साचणारा चिकट, जंतुयुक्त थर हे याचे मुख्य कारण. तो रोज निघाला नाही तर लाळेतील क्षारांनी कठीण होऊन त्याचे किटण बनते, आणि ते दंतवैद्याकडूनच काढवावे लागते. रक्त दिसले की मूल भिते, आई म्हणते, "तिथं हात लावू नकोस," आणि जेथे घासण्याची सर्वांत अधिक गरज तेथेच थर वाढतो. वस्तुतः मऊ ब्रशाने, दात व हिरडी मिळतात त्या रेघेवर, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे हळुवार घासत राहिल्यास एक-दोन आठवड्यांत रक्त बहुधा थांबते. आरंभीचा दाह पूर्ण बरा होतो. वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या दाहाने झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळांनी आराम वाटतो, थर निघत नाही. राखुंडीने दात झिजतात.

मिश्रीविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड काही घरांत आई-आजी दातांना लावतात, आणि दाढ दुखते म्हणून मुलीच्या बोटावरही ठेवतात. तंबाखूतील निकोटिनाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रक्त कमी दिसले तरी आत रोग चालूच राहतो. शिवाय व्यसन जडते, आणि पुढे मुखाच्या कर्करोगाचे भय असते. मुलीला वर्गात दटावून हे सुटत नाही. आईशीच बोलावे लागते. (ज्या गुरुजींच्या खिशात चंची असते त्यांनी हे कोणत्या तोंडाने बोलावे, ते त्यांनीच ठरवावे.)

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ फुटते, तेव्हा तेथील हिरडी काही दिवस सुजते. त्यात भिण्याचे कारण नाही. 'क' जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावानेही हिरड्या सुजतात. त्यासाठी आवळा, पेरू, लिंबू ही गावातलीच फळे पुरेशी आहेत.

तथापि पू, ताप, गालावर सूज, अथवा नीट घासूनही दोन आठवड्यांनंतर न थांबणारे रक्त असेल तर मुलाला दंतवैद्याकडे पाठवावे. चेहरा पांढराफटक पडला असेल व मार न लागता अंगावर निळसर डाग उठत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे; असे लक्षण रक्ताच्या गंभीर विकाराचेही असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांचे दातही तपासते. ते शाळेत येण्यापूर्वी अशा मुलांची नावे लिहून ठेवावीत; पथकास अवकाश असेल तर त्याची वाट पाहू नये.