हायड्रोजनची आगगाडी : कितपत व्यवहार्य?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आमच्या वार्ताफलकावर एका मुलाने वर्तमानपत्रातले चित्र डकवून खाली लिहिले होते, 'पाण्यावर चालणारी आगगाडी.' मी बी. ए. झालेला, भूगोल शिकवणारा माणूस. विज्ञान हा माझा विषय नव्हे. तरी ती ओळ मला खटकली. पाण्यावर गाडी चालत नाही, गाडीतून पाणी बाहेर पडते. फरक लहान दिसतो, पण सगळा हिशेब त्यावरच आहे.

जस्तावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल ओतले की परीक्षानळीत जो वायू जमतो, आणि पेटती काडी नेताच 'फट्' असा आवाज करतो, तोच हा हायड्रोजन. गाडीच्या टपावरील टाक्यांत तो दाबून भरतात. इंधनघटात त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन वीज निर्माण होते, तिच्यावर मोटारी फिरतात आणि वाफ बाहेर जाते. धूर नाही, काजळी नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी प्रांतात कुक्सहाफेन ते बुक्सटेहुडे या सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या मार्गावर २०१८ च्या सप्टेंबरात अशा दोन गाड्या प्रवासी घेऊन धावू लागल्या. २०२२ साली तेथे चौदा गाड्यांचा ताफा आला. त्याच वर्षी अशी एक गाडी वाटेत इंधन न भरता ११७५ किलोमीटर धावली. म्हणजे गाडी चालते का, हा प्रश्न सुटला. परवडते का, हा उरला.

हायड्रोजन विहिरीत सापडत नाही, असेच समजा. तो तयार करावा लागतो. आज जगात तो बहुतांशी नैसर्गिक वायू व कोळशापासून करतात, म्हणजे धूर गाडीतून निघत नाही, कारखान्यातून निघतो. पाण्याचे विजेने पृथक्करण करून तो स्वच्छ मिळतो. पण मग वायू करा, दाबा, वाहून न्या आणि त्याची पुन्हा वीज करा! शंभर युनिटांतली तीस-पस्तीस चाकापर्यंत पोहोचतात. तीच वीज डोक्यावरच्या तारेतून थेट दिली तर सत्तरहून अधिक. शिवाय एक किलो हायड्रोजनमध्ये डिझेलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असली, तरी हवेच्या ३५० पट दाबाखालीही तेवढ्याच ऊर्जेला तो डिझेलच्या दहा-बारा पट जागा अडवतो.

म्हणूनच त्याच लोअर सॅक्सनीने २०२३ साली पुढील खरेदीसाठी बॅटरीच्या गाड्या पसंत केल्या. त्या चालवायला स्वस्त, हे कारण दिले. फ्रँकफुर्टजवळच्या टाउनुस भागात तर २०२२ च्या अखेरीस आलेल्या हायड्रोजन गाड्या इतक्या वेळा बंद पडल्या की प्रवाशांसाठी डिझेलच्या गाड्या आणाव्या लागल्या.

आता आपल्याकडे या. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, आणि आज देशातील ब्रॉडगेजच्या जवळजवळ सर्व मार्गांवर तार आहे. कोकण रेल्वेवर २०२२ पासून. जेथे तार आहे तेथे हायड्रोजन कशासाठी? तरीही सरकारने २०२३ साली संसदेत ३५ गाड्यांचा विचार सांगितला : दर गाडीस ८० कोटी, आणि दर मार्गावरील इंधनकेंद्रादी सोयींस ७० कोटी रुपये. हरियाणातील जींद-सोनीपत हा ८९ किलोमीटरचा मार्ग पहिल्या प्रयोगासाठी निवडला गेला. एक प्रयोग करून शिकण्यास माझी हरकत नाही. पण पस्तीस?

त्या योजनेतील डोंगरी मार्गांत आपले माथेरानही आहे. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांतून ती छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. माथेरानला मोटारींना बंदी, आणि गाडीला मात्र डिझेलचे इंजिन! तार टाकायला तेथे अवघड. म्हणजे हायड्रोजनसाठी जागा असेल तर अशीच. परंतु दोन फुटी रुळांवरच्या त्या चिमुकल्या गाडीत मोठ्या टाक्या कोठे बसवणार? अंतर अवघे वीस किलोमीटर. उतरताना चाकांच्या जोरावर बॅटरीत थोडी वीज परतही भरता येते. नेरळ स्थानकात विजेच्या लोकल रोज उभ्या राहतात. बॅटरी तेथेच भरावी. दीडशे कोटींचा हिशेब मांडण्यापूर्वी हा हिशेब कोणी मांडला आहे का, एवढेच मला विचारायचे आहे.